कपाटातली फाईल



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि आज बऱ्याच दिवसांनी निवांत बसले आहे. गेलं वर्षभर इथे मी कच्च्या केळ्याचे वेफर्स, चातुर्मासातल्या भाज्या, पिठाची मर्यादा असलंच लिहीत राहिले. तुमच्यापैकी दोघीतिघींनी विचारलं, "काकू, नातीबद्दल काहीच का लिहीत नाही?" नात छान आहे. दहा महिन्यांची झाली, भिंतीला धरून उभी राहते, देवळात घंटा वाजली की टाळ्या वाजवते. पण तिच्याबद्दल लिहायचं तर आधी एका फाईलीबद्दल लिहावं लागलं असतं, आणि ती फाईल मी पावणेदोन वर्षं कपाटात पैठणीच्या खाली लपवून ठेवली होती.

लेकीला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही. माझं नाव घालू नकोस. पण तू काय केलंस ते मात्र घाल."

तर घालते.

माझी लेक लहानपणापासून अंगानं भरलेली. सव्विसाव्या वर्षी वजन १०८ किलो, उंची पाच फूट दोन इंच. पीसीओडीमुळे पाळी तीन-तीन महिने यायची नाही, साखर काठावर, जिना चढताना धाप. दुधीचा रस झाला, जिम झाली, पहाटे दुर्गा टेकडीच्या फेऱ्या झाल्या. दशलक्षणात तिनं दोनदा दहा-दहा उपवास केले, तेव्हा आठ किलो उतरले आणि दिवाळीपर्यंत नऊ चढले. वधू-वर मेळाव्यात फॉर्म भरताना वजनाच्या रकान्यापाशी आम्हा मायलेकींचा हात थांबायचा. एका स्थळाकडून निरोप आला, मुलगी गुणी आहे, पण फोटोत जरा जास्तच दिसते. तो निरोप तिनं दाराआडून ऐकला होता, हे मला फार उशिरा कळलं.

वजनाचं ऑपरेशन असतं हे आमच्या घरात कळलं ते टीव्हीवरून. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली होती, तिला क्रेननं उचलून आणतानाची दृश्यं तुम्हीही पाहिली असतील. तेव्हा मी म्हटलं होतं, बाई गं, पोट कापून बारीक व्हायचं? पाच वर्षांनी आम्ही स्वतःच पुण्यात एका सर्जनसमोर बसलो होतो. लेकीनं सगळं वाचून ठेवलं होतं. निर्णय तिचाच होता आणि तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच असले उद्योग करू नयेत.

जानेवारी २०२३ मध्ये तिचं बायपास झालं. हृदयाचं नव्हे, पोटाचं. जठराचा वरचा लिंबाएवढा भाग वेगळा करतात आणि खालचं लहान आतडं वर आणून त्याला जोडतात. अन्न मोठं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग सोडून बाहेरच्या वाटेनं जातं. मावतं कमी आणि अंगी लागतंही कमी. वजन त्यामुळेच उतरतं, आणि पुढे जो त्रास व्हायचा तोही त्यामुळेच.

डॉक्टरांनी घरी सोडताना तासभर बसवून समजावलं. गोळ्या आणि बी-१२चं इंजेक्शन आयुष्यभर. किमान दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत, कारण वजन झपाट्यानं उतरत असतं आणि शरीराकडे स्वतःलाच पुरेसं नसतं, बाळाला काय देणार. त्यासाठी तोंडाच्या गोळ्यांवर विसंबू नका, बायपासनंतर त्या नीट शोषल्या जातीलच याची खात्री नसते. आणि पोटात जोराचं दुखलं, तर ते कधीच साधं समजू नका, विशेषतः गरोदरपणात. हे सगळं छापून फाईलीत लावलं होतं, खाली त्यांचा मोबाईल नंबर. मी वहीत पनीरचे ग्रॅम लिहून घेत होते. गरोदरपणाचं कानावरून गेलं. लग्नच ठरलेलं नव्हतं ना!

घरी आल्यावर शेजारणी, नणंदा विचारायला लागल्या. पोटावर पाच बारीक छेद, हळू चालणं, पातळ खाणं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पित्ताशयात खडे होते. काढून टाकलं पित्ताशय." इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. मग तेच चालू राहिलं. वर्षभरात लेक एकोणसत्तर किलोवर आली, तर म्हणायचे, पथ्यानं उतरलं. डिसेंबर २०२३ मध्ये लग्न झालं. स्थळ सांगलीकडचं, आता मोशीत स्थायिक, जावई चाकणच्या कारखान्यात इंजिनियर. पाठवणीच्या आदल्या रात्री लेकीनं विचारलं, "आई, त्यांना सांगू ना आता?" मी म्हटलं, "आत्ताच कशाला? रुळू दे जरा. एकदा मूल झालं की मग काय सांगायचं ते सांग."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता बघा, एक खोटं घरात शिरलं की ते कुठे कुठे जाऊन बसतं. तिला रोज पाच प्रकारच्या गोळ्या. नव्या सुनेला एवढ्या गोळ्या कसल्या, असं कुणी विचारू नये म्हणून त्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात. कधी घ्यायची, कधी राहायच्या. त्यातली एक कॅप्सूल जिलेटिनची निघाली. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, औषधाच्या पाकिटावर तो असेलच असं नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी साधी गोळी लिहून दिली असती. पण विचारायला जायचं तर सासरी सांगून जावं लागणार, म्हणून ती बंदच झाली. बी-१२चं इंजेक्शनही लग्नाच्या गडबडीत चुकलं ते चुकलंच. आपल्या खाण्यात बी-१२ येतं ते फक्त दूध-दह्यातून, आणि ते पचवायला जठरातलं जे द्रव्य लागतं ते बायपासवालीच्या अन्नाला धड भेटतच नाही. म्हणजे आधीच तुटपुंजं, त्यात वाट बंद.

संक्रांतीला विहीणबाईंनी प्रेमानं गुळाची पोळी केली, वर तुपाची धार. अर्धी खाल्ली आणि हिला दरदरून घाम, छातीत धडधड, पडूनच राहिली. बायपासनंतर गोड भसकन आतड्यात उतरतं, त्यानं हे असं होतं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. सासरी वाटलं, नवं घर आहे, दडपण आलं असेल पोरीला.

मार्चमध्ये दिवस राहिले. शस्त्रक्रियेला सव्वा वर्षही झालं नव्हतं. वजन उतरल्यावर पीसीओडी सुधारतो, पाळी नियमित होते आणि ज्यांना वर्षानुवर्षं आशा नसते त्यांनाही पटकन दिवस जातात. ती गोळ्या घेत होती तरीही. आम्ही आनंदानं नाचलो. मी फाईल उघडलीसुद्धा नाही. बाळंतपणाच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, आधीचं काही ऑपरेशन? मीच उत्तर दिलं, पित्ताशयाचं. कागदावर तसं लिहिलं गेलं.

त्या एका शब्दानं पुढचे सात महिने सगळ्यांना चुकीच्या वाटेनं नेलं. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन ७.९ आलं. लोहाच्या गोळ्या वाढवल्या, पण आतड्याच्या ज्या भागात लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं तोच भाग हिचा बाजूला पडलेला. त्यातून दोन्ही गोळ्या एकदम, दुधाबरोबर. कॅल्शियम लोहाला अडवतं, दोन्हींमध्ये दोन तासांचं तरी अंतर हवं. साखरेची तपासणी आली, पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं. प्याली आणि पंधरा मिनिटांत दवाखान्याच्या बाकावर कोसळली. अशा बायकांना ते ग्लुकोज द्यायचंच नसतं. त्याऐवजी आठवडाभर घरी बोटातून रक्त घेऊन साखर बघतात. पण ते करायला डॉक्टरांना माहीत तर हवं. त्यांनी लिहिलं, अशक्तपणा. त्यांना दोष कसा देऊ?

आणि एक गोष्ट सांगते, ती मला सगळ्यात जास्त टोचते. सासरी तिचं कौतुक व्हायचं ते कमी खाण्याचं! "सून बघा आमची, चार घासांत उठते, जिभेचे चोचले नाहीत." आपल्या घरांत कमी खाणारी बाई म्हणजे अर्धी तपस्वीच. पोरीचं पोट लिंबाएवढं होतं म्हणून ती उठत होती, आणि बायका तिचा आदर्श घेत होत्या. त्या वर्षीच्या दशलक्षणात, सहावा संपून सातवा लागलेला असताना, तिनं पाच एकाशनं केली. विहीणबाई नको म्हणाल्या होत्या. गरोदर बाईला आपल्यात कुणी उपवासाला बसवत नाही. पण नव्या सुनेचं पहिलं पर्व, तिला वाटलं करावं. तिला दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खायला हवं, दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिनं हवीत, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सातच येतात, हे सगळं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. आणि मी देवळात चार जणींना सांगत होते, आमची लेक एकाशन करतेय म्हणून.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोहाळजेवणाला आणि पुढे बाळंतपणासाठी ती आमच्याकडे प्राधिकरणात आली. हिरवी साडी, फुलांची वाडी, पन्नास बायका. पुरणपोळी, कटाची आमटी, केळ्याची भाजी. सगळं सूर्यास्ताच्या आत उरकलं. सगळ्यांच्या आग्रहाखातर तिनं चार घास जास्त खाल्ले.

रात्री साडेदहाला पोटात दुखायला लागलं. वरच्या बाजूला, डावीकडे, पाठीत जाणारं. मी म्हटलं, पुरण बाधलं. ओवा-सैंधव दिलं, पाठीला शेक दिला. बाराला उलटी. तिला आडवं होता येईना, बसता येईना, गुडघ्यांवर वाकून ती पलंगाच्या कडेला धरून राहिली. आमच्या ह्यांनी विचारलं, "फाईल कुठं आहे?" एवढंच. मी पैठणी बाजूला केली, फाईल काढली, पिशवीत टाकली आणि आम्ही जवळच्या इस्पितळात गेलो.

जावई आणि विहीणबाई स्पाईन रोडनं अर्ध्या तासात आले. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी बाळाचे ठोके बघितले, चांगले होते. रक्तदाब ठीक. कळा नव्हत्या. म्हणाले, अॅसिडिटी वाटते, सलाईन लावू, सकाळी बघू. मी पिशवी पोटाशी धरून उभी होते. बोलायचं होतं. पण शेजारी विहीणबाई उभ्या होत्या, माझा हात धरून, "होईल बरं, घाबरू नका" म्हणत. मैत्रिणींनो, मी दहा मिनिटं तशीच उभी राहिले. लेक आत कण्हत होती आणि मी दहा मिनिटं विचार करत होते की सगळ्यांना जरा बाहेर कसं पाठवावं.

दुखणं थांबेना म्हणून डॉक्टरांनी वरच्या पोटाची सोनोग्राफी केली. स्क्रीनकडे बघत ते थांबले आणि म्हणाले, "काकू, पित्ताशय काढलंय म्हणालात ना? हे तर जागेवर आहे."

खोलीत सगळे होते. मी फाईल काढून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "पित्ताशयाचं नाही. वजनाचं बायपास झालंय तिचं." मी विहीणबाईंकडे बघितलं नाही. माझा हात त्यांनी कधी सोडला तेही कळलं नाही.

पुढचं सगळं वेगानं झालं. त्या डॉक्टरांनी फाईलीवरचा नंबर फिरवला, पहाटे पावणेतीनला. पलीकडून सर्जन म्हणाले, आतडं अडकलेलं असू शकतं, एक मिनिट थांबू नका, पुण्याला हलवा. ॲम्ब्युलन्समध्ये जावई तिच्या उशाशी बसले. मला पुढे बसवलं.

काय झालं होतं ते नंतर मला चित्र काढून समजावलं. बायपासमध्ये आतडं उचलून दुसरीकडे जोडतात, तेव्हा त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात फटी राहतात. हल्ली त्या टाके घालून बंद करतात, पण वजन उतरलं की तिथली चरबी वितळते आणि फटी पुन्हा उघडू शकतात. गर्भाशय वाढतं तसं आतडं वर ढकललं जातं आणि एखाद्या फटीत शिरून पिळवटतं. आतल्या आत झालेला हर्नियाच तो. बाहेरून गाठ दिसत नाही, साध्या सोनोग्राफीत बहुधा सापडत नाही, आणि गरोदर बाईच्या पोटात दुखण्याची शंभर साधी कारणं असतात, त्यात हे हरवून जातं. रक्तपुरवठा थांबून आतडं काळं पडलं, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. २००४ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशाच एका गरोदर बाईची हकीकत छापली होती, त्यात ती आणि तिचं बाळ, दोघंही गेले होते.

सीटी स्कॅन करायचं म्हटल्यावर जावयांनी विचारलं, बाळाला किरणांचा धोका? डॉक्टर म्हणाले, थोडा असेल, पण आत्ता न बघण्याचा धोका मोठा आहे. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं, लागलंच तर बाहेर काढायची तयारी ठेवली आणि पोट उघडलं. दीड फूट आतडं फटीत अडकून निळं-जांभळं झालं होतं. सोडवलं, गरम ओल्या कापडात गुंडाळून ठेवलं, वाट बघितली. हळूहळू गुलाबी झालं. कापावं लागलं नाही. फटी शिवल्या. बाळ पोटातच राहिलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, आणखी दोन-तीन तास गेले असते तर मी वेगळं बोललो असतो.

अतिदक्षता विभागात मला दोन मिनिटं आत सोडलं. लेकीनं डोळे उघडले. "आई, सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

मग ती झोपली.

नात छत्तिसाव्या आठवड्यात झाली, दोन किलो शंभर ग्रॅम. काही दिवस पेटीत होती. अशा आयांची बाळं लहान होण्याचं प्रमाण जास्त असतं. स्वीडनमधला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला होता. शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या, पण आधीचं वजन सारखंच असलेल्या बायकांची त्यात तुलना होती. वजनाच्या मानानं लहान बाळं एकीकडे शंभरात जवळजवळ सोळा, दुसरीकडे आठ. पण गरोदरपणातला मधुमेह शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरात दोन, न झालेल्यांत सात. म्हणूनच म्हणते, ऑपरेशनला नावं ठेवू नका. १०८ किलोवर, काठावरच्या साखरेवर ती गरोदर राहिली असती तर वेगळे धोके होते. आणि हल्ली अनेक जणी बायपास न करता जठर उभं कापून नळीसारखं करून घेतात, त्यात आतडं हलवत नाहीत, म्हणून फटींचा हा प्रकार तिथे नसतो. बी-१२ आणि लोहाची काळजी मात्र तिथेही आहेच. कुणाच्या लेकीसुनेचं कोणतं ऑपरेशन झालंय ते त्यांना नीट माहीत हवं आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या कागदावर पहिल्या ओळीत हवं. नुसतं पोटाचं ऑपरेशन म्हणू नका.

ऑपरेशननंतर ती आमच्याकडेच होती. शिरेतून लोह दिलं, बी-१२ सुरू झालं, दिवसातून सहा वेळा खाणं, त्यातलं एक रात्री नवाच्या सुमाराला. विहीणबाईंचा रात्रीभोजनत्याग लग्नाआधीपासूनचा. त्यांच्या घरी दिवेलागणीनंतर गॅस पेटत नाही. बाळ-बाळंतिणीला मोशीला न्यायची वेळ आली तेव्हा मला हीच धास्ती. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या वेळी त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. जावयांकडून कळलं, त्या एका आर्यिका माताजींकडे जाऊन आल्या. माताजींनी त्यांना सोळा कारण भावनांतल्या दोनच आठवायला सांगितल्या, शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप. त्याग शक्तीनुसार, तपही शक्तीनुसार. त्या दिवसापासून रात्री नऊला विहीणबाई स्वतः उठून मुगाचं कढण गरम करतात. त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही, पण वाटी त्यांच्याच हातची.

माझ्याकडे मात्र त्या वर्षभर जेवल्या नाहीत. बारशाला आल्या, नातीला घेतलं, नारळ घेतला आणि गेल्या.

यंदा क्षमावाणीला मी एकटीच मोशीला गेले. दरवर्षी आपण हात जोडून म्हणतो ना, कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. देवळाच्या पायऱ्यांवर दीडशे जणींना म्हणतो, घाईनं, पुढचीकडे बघत. त्यांच्या दारात उभी राहिल्यावर ते वाक्य मला म्हणता येईना. मी म्हटलं, "ताई, नकळत नव्हतं. मला कळत होतं."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. नात आमच्या दोघींच्या मधे रांगत होती. मग म्हणाल्या, "आम्ही नाही म्हणू, म्हणूनच लपवलंत ना?"

"हो."

"म्हटलंही असतं," त्या म्हणाल्या. "काय सांगावं. फोटो बघताना मीही आधी अंगच बघत होते मुलींचं."

उठून त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा लावला. "बसा. अजून उजेड आहे तोवर जेवून घ्या." मुगाचं धिरडं, घट्ट वरण, भोपळ्याची भाजी. लेकीच्या ताटाजवळ त्यांनी एक पांढरी गोळी ठेवली आणि मलाच सांगितलं, "ही कॅल्शियमची. लोहाची नऊ वाजता, कढणानंतर. दोन्ही एकदम द्यायच्या नसतात."